देवघरातली शिवराई खरंच महाराजांच्या काळातली आहे का? हाताने पाडलेली जुनी नाणी कशी ओळखायची आणि त्यांची किंमत कशी ठरते?

दरवर्षी शिवराज्याभिषेक दिन जवळ आला की सोशल मीडियावर एक फोटो हमखास फिरायला लागतो. तळहातावर एक काळपट, वेडंवाकडं तांब्याचं नाणं, त्यावर पुसट देवनागरी अक्षरं आणि खाली प्रश्न, ‘महाराजांच्या काळातलं नाणं आहे, किंमत किती येईल?’ मग कमेंटमध्ये आकड्यांचा पाऊस पडतो. कुणी पाच हजार म्हणतं, कुणी पाच लाख. एखादा ‘इनबॉक्समध्ये या’ असं लिहून जातो. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

त्या नाण्याचं नाव शिवराई. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत देवघरात, आजीच्या पेटीत किंवा जुन्या बटव्यात एखादी तरी शिवराई असते. कुणी ती भंगाराच्या भावात देऊन टाकतं, तर कुणी ती लाखांची आहे असं समजून भामट्याला ‘नोंदणी फी’ भरून बसतं. दोन्हीकडे कारण एकच, नाणं वाचता येत नाही. ते वाचायला इतिहासाची पदवी लागत नाही. एक भिंग, एक छोटा वजनकाटा आणि थोडा धीर एवढं पुरतं.

आधी हे समजून घ्या : नाणं ‘पाडायचे’ म्हणजे काय करायचे?

आज खिशात असलेलं नाणं यंत्रातून येतं. लाखो नाणी, सगळी एकसारखी. शिवराई मात्र माणसाच्या हाताने पाडलेली आहे. टांकसाळीत तांबं वितळवून त्याचे ठरावीक वजनाचे तुकडे करायचे. खालचा ठसा ऐरणीसारखा पक्का बसवलेला असायचा. त्यावर तो तुकडा ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. एका घावात दोन्ही बाजू उमटल्या की झालं नाणं.

या पद्धतीमुळे तीन गोष्टी होतात आणि नवखा माणूस नेमका या तिन्हींमुळे गोंधळतो.

पहिली म्हणजे ठसा बऱ्याचदा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असायचा. त्यामुळे पूर्ण मजकूर नाण्यावर मावतच नसे. ‘राजा’मधला नुसता ‘जा’ दिसतो, ‘छत्र’मधला अर्धा ‘छ’ कडेबाहेर गेलेला असतो. हे नाणं तुटलेलं नाही की झिजलेलंही नाही, ते जन्मापासून असंच आहे. दुसरी, घाव तिरका बसला तर एक बाजू ठसठशीत आणि दुसरी सपाट येते. कधी ठसा हलला आणि दुसरा घाव बसला तर अक्षरं दुहेरी दिसतात. तिसरी, कडा. घावाने तुकडा पसरतो आणि कडेला चिरा पडतात. या चिरा खऱ्या नाण्याचं लक्षण म्हणता येतील.

थोडक्यात, हाताने पाडलेली दोन नाणी हुबेहूब सारखी असू शकत नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, खोटं नाणं पकडताना त्याचा उपयोग होणार आहे.

शिवराई वाचायची कशी?

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्या सुमारास स्वराज्याची स्वतःची नाणी निघाली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. आजूबाजूला फारसी मजकुराची नाणी चालत असताना शिवराईवर देवनागरी अक्षरं होती. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’. भोवती ठिपक्यांची गोल कडा.

नाणं दिव्याखाली सरळ धरलं तर काहीच दिसत नाही. उजेड बाजूने, तिरका पडला पाहिजे. मोबाईलचा टॉर्च नाण्याच्या पातळीत आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. झिजलेल्या अक्षरांची सावली पडते आणि ‘काहीच नाही’ म्हणून बाजूला टाकलेल्या तुकड्यावर अचानक ‘शिव’ वाचता येतं. एखाद्या अक्षरावर अडकलात तर ‘त्र’ शोधा. त्याची ठेवण वेगळी असल्यामुळे तो चटकन सापडतो आणि मग बाकीची अक्षरं कुठे असायला हवीत ते कळतं.

वाचता आलं की पुढचा प्रश्न, नाणं कुणाच्या काळातलं?

इथे अनेकांचा हिरमोड होतो, पण स्पष्ट सांगायला हवं. ‘श्री राजा शिव’ लिहिलेली आज सापडणारी बहुतेक नाणी शिवाजी महाराजांच्या हयातीतली नाहीत. महाराजांचं निधन १६८० साली झालं. त्यानंतरही त्यांच्याच नावाची शिवराई निघत राहिली. पेशवाईत निघाली, १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावरही ती लगेच थांबली नाही, आणि लोकांच्या व्यवहारात तर ती एकोणिसाव्या शतकात बराच काळ टिकून होती. नाव तेच, मजकूर तोच. कारण बाजाराचा विश्वास त्या नावावर होता. दीडशे वर्षांहून अधिक काळ एका राजाच्या नावाने पैसा चालतो ही गोष्ट ‘महाराजांच्या हातातलं नाणं’ या दाव्यापेक्षा कमी थक्क करणारी नाही.

बहुतेक शिवरायांवर साल नसतं. त्यामुळे काळ ठरवायचा तो वजन, अक्षरांचं वळण आणि मजकुराच्या मांडणीवरून. सुरुवातीच्या शिवराया जाड आणि वजनदार, साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या. अक्षरं सुबक, ठिपक्यांची कडा नेटकी. उत्तरकाळातल्या हलक्या होत गेल्या. त्यातला सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार म्हणजे दुदांडी शिवराई. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या समांतर रेघा, दोन दांड्या, म्हणून दुदांडी. वजन साधारण ८ ते १० ग्रॅम. तुमच्या नाण्यावर अशा दोन रेघा स्पष्ट दिसत असतील तर ते पेशवाईतलं किंवा त्यानंतरचं आहे, शिवकाळातलं नाही. एका नजरेत लागणारा हा निकाल आहे, आणि फेसबुकवरचे निम्मे वाद तो लक्षात घेतला तर सुरूच होणार नाहीत.

वजनात एवढा फरक का? कारण पेशवाईत टांकसाळ ही बऱ्याचदा सरकारी परवान्यावर चालणारी खासगी गोष्ट होती. नागोठणे आणि रेवदंडा इथे १७४४ मध्ये असे परवाने दिल्याची नोंद आहे. परवान्यात नाण्याचं वजन माशांमध्ये ठरवून दिलेलं असायचं. पण परवानाधारक बदलला, तांब्याचा भाव बदलला, ठसे कोरणारा कारागीर बदलला की नाणंही बदलायचं. म्हणून शिवराईत शुद्धलेखनाची इतकी रूपं सापडतात. कुठे ‘शिव’, कुठे ‘शीव’, कुठे चक्क ‘सिव’. ‘पति’ आणि ‘पती’ दोन्ही आहेत. काहींवर सूर्य, चंद्रकोर, पान, त्रिशूळ अशी छोटी चिन्हं आहेत. संग्राहकांची खरी मजा याच बारकाव्यांत असते. काही जण तर नुसत्या शुद्धलेखनाच्या तऱ्हा जमवतात.

‘शिव’च्या जागी वेगळं नाव असेल तर मात्र थांबा. छत्रपती संभाजी महाराज, राजाराम महाराज आणि शाहू महाराज यांच्या नावाचीही नाणी आहेत आणि ती शिवराईच्या मानाने फार कमी सापडतात. एक वेलांटी किंवा एक उकार नाण्याची किंमत कुठल्या कुठे नेऊ शकतो. म्हणूनच ठगांचा डोळाही याच नाण्यांवर असतो.

चांदीचे रुपये वेगळे

आजीच्या पेटीत शिवराईसोबत एखादा जाड, लहान व्यासाचा, फारसी अक्षरांचा चांदीचा रुपया सापडला तर ‘हे मुघलांचं’ असं म्हणून मोकळं होऊ नका. मराठ्यांच्या टांकसाळींतून निघालेल्या बहुतेक रुपयांवर मुघल बादशहाचं, बऱ्याचदा शाह आलमचं, नाव आहे. रुपया देशभर चालायला हवा होता आणि सराफांना ते नाव ओळखीचं होतं. नाणं मराठ्यांचं आहे हे सांगतात त्यावरची चिन्हं आणि टांकसाळीचं नाव. पुण्याच्या रुपयावर हत्तीचा अंकुश दिसतो, म्हणून तो अंकुशी रुपया. चांदवडच्या टांकसाळीचा तो चांदवडी. फारसी मजकुरात पुणे ‘मुहियाबाद’ म्हणून येतं, नाशिक ‘गुलशनाबाद’ म्हणून आणि चांदवड ‘जाफराबाद’ म्हणून. वजन ११ ग्रॅमच्या थोडं पुढे.

या रुपयांवर कधी कधी छोटे ठोसे मारलेले दिसतात. ते सराफांचे. चांदी अस्सल आहे का हे बघायला सराफ ठोसा मारायचा आणि शंका आली किंवा नाणं परक्या टांकसाळीचं असलं की बट्टा कापायचा. ‘नावाला बट्टा लागणं’ तिथलंच. संग्राहकाच्या दृष्टीने हे ठोसे थोडी किंमत उतरवतात, पण नाणं बाजारात फिरलेलं आहे याची ती साक्षही आहे.

खोटं कसं पकडायचं?

आधी सगळ्यात सोपी फसवणूक. राम-सीता-हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असं लिहिलेलं नाणं तुम्ही पाहिलं असेल. कंपनीने असं नाणं कधीच काढलं नाही. हे खूप नंतर कुणीतरी बनवून विकलेले टोकन आहेत, व्हॉट्सॲपवर त्यांची किंमत लाखांत असते आणि प्रत्यक्षात पितळेच्या भावाहून थोडी जास्त. ‘तांदूळ ओढणारं नाणं’ हा तर उघड गुन्हेगारीचा प्रकार आहे. जुन्या तांब्यात ‘इरिडियम’ उतरलंय, परदेशी कंपनी कोट्यवधी देणार आहे, आधी तपासणीची फी भरा, असं सांगून अनेक राज्यांत लोकांना लुटलं गेलंय.

शिवराईची नक्कल जरा हुशारीने केलेली असते. खरं नाणं साच्यात दाबून त्यात धातू ओतला की प्रत तयार. भिंगातून पाहिल्यावर अशा ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोलसर वाटतात आणि काठावर साच्याच्या जोडाची रेघ सापडू शकते. हाताने पाडलेल्या नाण्यात धातू घावाने सरकलेला असतो, अक्षरांच्या कडा झिजल्या तरी त्यांचा उभार वेगळा कळतो.

आता मघाचं वाक्य आठवा. दोन नाणी हुबेहूब सारखी नसतात. विक्रेत्याकडे दोन शिवराया असतील आणि दोन्हींवर ‘श्री’ त्याच जागी कापलेला, कडेची चीर त्याच ठिकाणी, खोलगटपणाही तिथेच, तर दोन्ही एकाच साच्यातून आल्या आहेत. ऑनलाइन खरेदी करताना त्याच विक्रेत्याचे जुने फोटो चाळा. तेच ‘एकमेव’ नाणं तीन वेळा विकलेलं सापडतं.

तांबं, चांदी, सोनं यातलं काहीही लोहचुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर विषय संपला. चांदीच्या रुपयासाठी आणखी एक घरगुती चाचणी आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, सोनार वापरतात तसा छोटा वजनकाटा घ्या. नाण्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने बांधून, तळाला किंवा बाजूला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवा. काट्यावर जो आकडा येईल त्याने मूळ वजनाला भागा. उत्तर शुद्ध चांदीसाठी १०.५ च्या आसपास येतं, तांब्यासाठी ९ च्या थोडं खाली, शुद्ध सोन्यासाठी १९.३. म्हणजे ११.२ ग्रॅमचा चांदीचा रुपया पाण्यात साधारण १.०७ दाखवेल. १.२५ दाखवत असेल तर वरून चांदीचा मुलामा आहे आणि आत तांबं.

सोन्याच्या शिवराई होनाबद्दल वेगळं सांगायला हवं. हा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, आणि अस्सल होन जगात मोजकेच माहीत आहेत. स्मरणिका म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतिकृती मात्र ठिकठिकाणी मिळतात. त्या विकणाऱ्यांनी प्रतिकृती म्हणूनच विकलेल्या असतात, पण दहा-वीस वर्षं कुणाच्या पेटीत पडून राहिल्या की पुढच्या पिढीला त्या ‘पूर्वजांचा होन’ वाटायला लागतात. घरात होन सापडला तर शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो प्रतिकृती आहे असं धरून चाललेलं बरं.

मग किंमत किती?

ऐकायला आवडणार नाही, पण साधी, झिजलेली दुदांडी शिवराई नाणी प्रदर्शनांत शंभर-दोनशे रुपयांपासून मिळते. कारण साधं आहे, ती अजून भरपूर शिल्लक आहे. जुनं म्हणजे महाग हे गणित नाण्यांत चालत नाही. कुशाणांची तांब्याची नाणी शिवराईपेक्षा दीड हजार वर्षांनी जुनी आहेत, त्यातलीही साधी नाणी काही शे रुपयांत मिळतात.

किंमत वर नेते ती आधी दुर्मीळता, मग मजकूर. सुरुवातीच्या वजनदार शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ पूर्ण वाचता येत असेल, ठिपक्यांची कडा दिसत असेल, तर ती हजारांत जाऊ शकते. त्याच शिवराईवर अर्धी अक्षरं असतील तर किंमत झपाट्याने उतरते. हाताने पाडलेल्या नाण्यांत पूर्ण मजकूर ठशाच्या मध्यभागी बसणं हा नशिबाचा भाग होता, म्हणून त्याचे पैसे पडतात. वेगळं चिन्ह, दुर्मीळ शुद्धलेखन, अर्ध्या वजनाचं नाणं यांना जाणकार गिऱ्हाईक मिळालं तर भाव मिळतो, नाहीतर नाही. गळ्यात घालण्यासाठी भोक पाडलेलं किंवा कडी जोडलेलं नाणं असेल तर किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते.

भाव पाहताना एक सवय लावून घ्या. शॉपिंग वेबसाइटवर कुणीतरी शिवराईला पाच लाख लावलेत, याचा अर्थ ती पाच लाखांना गेली असा नाही. मागायला कुणाच्या बापाचं काय जातं. लिलाव करणाऱ्या संस्था लिलावानंतर प्रत्यक्ष विक्रीचे आकडे प्रसिद्ध करतात, ते बघा. तुमच्यासारख्याच वजनाचं, तितकाच मजकूर दिसणारं नाणं किती वेळा आणि किती रुपयांना गेलं, हाच खरा भाव.

आणि ‘रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेतेय’ असा मेसेज आला तर तो खोटा आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. बँक अशा व्यवहारात नाही, आणि कुणालाही तिच्या नावाने कमिशन किंवा कर मागायचा अधिकार दिलेला नाही.

चिंच लावू नका

मराठी घरात तांब्याची वस्तू हाती आली की पहिला हात चिंचेकडे जातो. नाण्याच्या बाबतीत हा हात आवरा. दोन-तीनशे वर्षांत तांब्यावर बसलेला काळपट-तपकिरी किंवा हिरवट थर हे नाण्याचं कवच असतं. चिंच, लिंबू, मीठ किंवा भांड्यांची पावडर लावून घासलं की तो थर जातो, त्याबरोबर अक्षरांचा वरचा पदरही जातो आणि नाणं गुलाबी चकचकीत होतं. संग्राहक असं नाणं बघूनच बाजूला ठेवतो. माती बसली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात काही दिवस ठेवा, पाणी बदलत राहा, आणि मऊ झालेली माती लाकडी टूथपिकने अलगद काढा. यापुढे काही करायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा. फिकट हिरवी, खडूसारखी पूड दिसली आणि पुसली तरी पुन्हा आली, तर ते नाणं आतून खराब होतंय. ते बाकीच्या नाण्यांपासून वेगळं, कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नका, त्या प्लास्टिकमुळे तांब्यावर चिकट हिरवा थर धरतो.

शेतात सापडलं तर?

विहीर खणताना किंवा नांगरताना नाण्यांचा गडू सापडला तर तो घरी नेऊन वाटून घेणं हा गुन्हा ठरू शकतो. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेल्या ऐवजाची किंमत १० रुपयांहून जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक घाबरतात की सरकार सगळं घेऊन जाईल. कायद्यात तसं नाही. मूळ मालक सापडला नाही आणि जमीनमालकाचाही दावा असेल, तर सामान्यपणे तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि उरलेलं जमीनमालकाला अशी वाटणी आहे. सरकारला ठेवा स्वतःकडे घ्यायचा असेल तर त्याची किंमत आणि वर एक पंचमांश रक्कम द्यावी लागते. लपवलं तर मात्र हिस्साही जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

घरात पूर्वापार असलेल्या शिवराईला हे लागू नाही. पण तिलाही एक नियम आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे, आणि ती देशाबाहेर पाठवणं खासगी व्यक्तीला मना आहे. अमेरिकेतल्या भावाला आठवण म्हणून आजीची शिवराई कुरिअरने पाठवणं किंवा त्याने सुट्टीवर आल्यावर ती बॅगेत घालून नेणं, दोन्ही बेकायदा. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद. विकतही घ्यायचं असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडून पावतीसह घ्या.

दाखवायचं कुणाला?

नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी इथे नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आहे, तिचं संग्रहालयही तिथेच आहे. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं ‘मराठा मिंट्स अँड कॉइनेज’ हे १९८९ चं पुस्तक याच संस्थेचं, आणि मराठ्यांच्या नाण्यांवर बोलणारा प्रत्येक संग्राहक आजही त्यातले प्रकार धरून बोलतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयात अस्सल नाणी काचेआड बघता येतात. पुणे, मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे एका दुपारी पन्नास शिवराया हातात घेऊन बघायला मिळतात. फोटोवरून महिनोन्महिने शिकण्यापेक्षा ती दुपार जास्त कामाची.

जाताना नाण्याच्या दोन्ही बाजूंचे तिरक्या उजेडातले फोटो, ग्रॅममधलं वजन आणि नाणं घरात कुणाकडून आलं याची एक ओळ लिहून घेऊन जा. ‘दोन दिवस ठेवा, बघून सांगतो’ असं कुणी म्हणालं तर पावती मागा, आणि पावती मिळत नसेल तर नाणं खिशात घालून परत या.